टिंबाच्या डावीकडे कोण?

मित्रांनो, मी एक संशयी मेथड आहे. वय तसं सहाच वर्षं, पण जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकभाषेच्या जगात सहा वर्षं म्हणजे पिकलं पानच. माझं नाव ‘कोण’. स्टुटगार्टमध्ये एका उभ्या चढावर सहा बिऱ्हाडांची इमारत आहे. तिथे टपालपेट्यांच्या वर एक जुना टॅबलेट बोर्ड म्हणून टांगलेला आहे, त्यात मी राहते. माझी एक प्रत स्वरूपाच्या लॅपटॉपमध्येही असते, म्हणून खालचं आणि वरचं दोन्हीकडचं मला कळतं.

स्वरूपा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची बाई, मला घडवणारी. लेक शिकायला बर्लिनला गेली, घर एकदम मोठं वाटायला लागलं, तेव्हा ही बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकटीच प्रोग्रॅमिंग शिकली. माझ्या जन्माच्या दिवशी तिच्या बोटांना कणीक लागलेली होती.

सुरुवातीला मी कुठल्याच घरची नव्हते. उघड्यावर पडलेलं साधं फंक्शन, म्हणजे एकच काम करणाऱ्या चार ओळी होते. मग तिनं ‘घर’ नावाचा ऑब्जेक्ट केला. ऑब्जेक्ट म्हणजे कप्प्यांचं कपाट समजा. काही कप्प्यांत माहिती, काहींत काम. तिनं मला उचलून एका कप्प्यात ठेवलं, आणि त्या दिवसापासून मी मेथड झाले. शेजारच्या ‘नेम’ नावाच्या कप्प्यात या आठवड्याच्या भाडेकरूचं नाव असतं. कुणी ‘घर’, मग टिंब, मग ‘कोण’ अशी हाक मारली, की ते नाव मी बाहेर काढून द्यायचं.

आता माझ्या संशयाविषयी. हाक आली की मी आधी मान वळवून बघते, टिंबाच्या डावीकडे कोण उभं आहे? त्याला आमच्यात ‘धिस’ म्हणतात. डावीकडे घर असेल तर मी घराचा कप्पा उघडते. काल घर होतं म्हणून आजही असेल, असं मी कधीच धरून चालत नाही. लोक याला खोड म्हणतात. मित्रांनो, हेच माझं काम आहे.

इथे जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्यानं फिरते. तिला केअरवोखे म्हणतात. ‘केर’ ऐकल्याबरोबर स्वरूपाला तो शब्द पाठ झाला होता. माझ्याआधी ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लाकडी पाटी लागायची. मी आले, पाटी तळघरात गेली. सगळ्यांनी कौतुक केलं, फक्त तळमजल्यावरच्या फ्राऊ क्यूब्लरनं नाही. ती म्हातारी दर सोमवारी चष्मा लावून माझं उत्तर आपल्या आठवणीशी ताडून बघायची. मला ती आवडायची. संशयी जीवाला संशयी जीव ओळखू येतो.

यंदा दुसऱ्या मजल्यावर मुक्ता राहायला आली. विद्यापीठात संशोधन करते. घराचा भाडेकरार तात्पुरता होता. तो कायम करायचा की नाही, हे ठरवायला घरमालक एका सोमवारी येणार होते, आणि ते आधी फ्राऊ क्यूब्लरला विचारणार हे सगळी इमारत जाणून होती. या शहरात दुसरं घर मिळवणं सोपं नाही.

त्याच्या आठवडाभर आधीच्या रविवारी स्वरूपा बाणाची फंक्शनं, म्हणजे बाणाच्या खुणेनं थोडक्यात लिहायची फंक्शनं, शिकली. किती सुटसुटीत! तिनं हौसेनं सगळ्या मेथडना बाण लावले, मलाही, आणि लेकीकडे बर्लिनला निघून गेली.

बाण वाईट नसतो हो. पण त्याला मान वळवता येत नाही. तो जिथे लिहिला, तिथल्या बाहेरच्याचंच ‘धिस’ धरून बसतो. माझ्या बाहेर होता ‘विंडो’, ब्राउझरमधला सर्वांत मोठा ऑब्जेक्ट. त्यालाही ‘नेम’ नावाचा कप्पा असतो, आणि तो बहुधा रिकामा असतो. कप्पाच नसता तर मला शंका तरी आली असती. कप्पा मिळाला, मी त्यातलं रिकामपण इमानानं आणून दिलं. बोर्ड आठवडाभर कोरा राहिला. तो आठवडा मुक्ताचा होता.

शनिवारी स्वरूपा परतली, तर फ्राऊ क्यूब्लर दारात.

“जिना झाडलेला नाही. बोर्डावरचं नाव गायब. त्या मुलीला कॉम्प्युटर येतो, तुम्हालाही येतो. दोघी एकाच गावच्या.”

“एकाच गावच्या कुठल्या? ती नागपूरची, मी चिपळूणची.”

“गेनाऊ, अगदी तेच,” म्हातारी म्हणाली. “सोमवारी मालकांना मी जे पाहिलं ते सांगणार.”

ती गेल्यावर स्वरूपाचे यजमान जयंत हळूच म्हणाले, “अगं, मागे मुक्तानंच टॅबलेट पुसला होता ना? तेव्हा काही...”

“अहो, काहीतरीच काय बोलता!”

पण संशय विरजणासारखा असतो, थेंबभर पुरतो. स्वरूपानं खाली जाऊन मुक्ताला विचारलंच.

“काकू, बोर्ड कोरा होता. मला वाटलं, या आठवड्यात कुणाचीच पाळी नाही.”

“कुणाचीच नाही? स्टुटगार्टात?”

मुक्ता तिच्याकडे बघतच राहिली. “काकू, तुम्हीपण?”

रविवारी सकाळी स्वरूपानं लॅपटॉप उघडला. समोर हाताची घडी घालून फ्राऊ क्यूब्लर. “मी बघणार,” एवढंच म्हणाली. स्वरूपानं माझ्या पोटात एक ओळ घातली: तुझं ‘धिस’ दाखव. मी दाखवलं. विंडो.

स्वरूपानं कपाळाला हात लावला. “मुक्तानं नाही, मी केलंय हे.”

“सिद्ध करा.”

स्वरूपानं बाण काढला, मला जुन्या पद्धतीनं लिहिलं. नाव, कंस, महिरपी कंस, बस्स. बोर्डावर उमटलं, ‘मुक्ता’. पुन्हा बाण लावला, बोर्ड कोरा. काढला, ‘मुक्ता’. म्हातारीनं आणखी एकदा करायला लावलं.

“आल्झो, असं तर,” म्हणून ती उठली आणि जिना उतरून गेली.

स्वरूपा मुक्ताच्या दाराशी गेली. “चूक माझी होती गं. आणि संशय घेतला, तीही माझीच.” मुक्ता झाडू घेऊन बाहेरच येत होती. खालून आवाज आला, “रविवार शांततेचा, झाडायचं नाही! पुढच्या आठवड्यात झाड!”

सोमवारी मालक आले. मुक्ताच्या दारावर तळघरातली लाकडी पाटी लटकत होती, धूळ पुसलेली.

“ही मुलगी कशी आहे?” त्यांनी विचारलं.

फ्राऊ क्यूब्लर म्हणाली, “पाटी दिसत नाही का? भटक्या पाहुण्यांच्या दारावर ती लावत नाहीत.”

मित्रांनो, मुक्ताचा करार कायम झाला, आणि आता बोर्डही आहे आणि पाटीही. म्हातारी दर सोमवारी दोन्ही ताडून बघते, तेव्हा मला फार सुरक्षित वाटतं. तुम्हीही मेथड लिहाल, तेव्हा तिला मान वळवायला जागा ठेवा. आणि कुठे कोरी जागा दिसली, तर संशय जरूर घ्या. फक्त शेजारणीच्या दारापर्यंत जाण्याआधी एकदा आपल्याच टिंबाच्या डावीकडे बघून घ्या.