काळ्या फांदीचं झाड

आमच्याकडे सुनेने थोरल्या दिरासमोर कमरेत वाकायचं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. नऊ वर्षं मी हे बिनबोभाट पाळलं. मे महिन्यात एसेनकुल भावोजी गावच्या झाडतोड समितीचे प्रमुख म्हणून दोन करवतवाले घेऊन आमच्या बागेत आले, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

किर्गिझस्तानातल्या इसिक-कुल सरोवराच्या काठच्या आमच्या सफरचंदांना करपा लागला होता. शेंडे जळाल्यासारखे काळे पडून वाकायचे. एक जरी काळी फांदी सापडली तरी झाड मुळासकट जाळायचं, असा हुकूम होता. सासूबाईंनी रानटी खुंटावर कलम केलेल्या झाडाला गेल्या वर्षी तशी एक फांदी आली होती. ती मी हातभर खालून छाटली, पण समितीच्या वहीत झाडाची नोंद झालीच. यंदा आजूबाजूच्या बागा करपल्या, हे झाड हिरवंगार.

लग्नाआधी मी राजधानीत, बिश्केकच्या प्रयोगशाळेत झाडांचे रोगच तपासायचे. पानं तिकडे पाठवली. डोकं दुखलं की आपण वाळुंजाची साल उकळून पितो, त्या सालीतल्या औषधाच्या जातीचं संप्रेरक पानांत भरपूर निघालं. एका पानाला रोग डसला की झाड ते बनवतं आणि उरलेली पानं सावध होतात. झाड स्वतःच्या बळावर लढत होतं आणि हे शहाणे त्याला जाळायला निघाले होते.

मी रीतसर वाकले आणि बुंध्याला पाठ लावून उभी राहिले.

"सूनबाई, बाजूला हो," भावोजी म्हणाले.

"भावोजी, आधी ती करवत धुवा."

करवतीच्या दातांत शेजारच्या आजारी झाडाचा भुसा तसाच होता. करवत प्रत्येक झाडानंतर धुवायला समितीला व्होडका मिळायची. ती कुठे मुरत होती, ते करवतवाल्यांच्या चालीवरून आंधळ्यालाही कळलं असतं. करपा गावभर कोण हिंडवतंय, हे मी सगळ्यांदेखत सांगितलं. भावोजींचे कान लाल झाले.

"बायकांनी मला शिकवायचं? आणि झाड मेलं तर?"

"मेलं तर मीच तोडीन. जगायला धडपडतंय तोवर कुणाला हात लावू देणार नाही."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला आत बोलावलं नाही.

भावोजींनी कागद काढून लिहिलं, आज हे झाड सोडू, पण त्याला पुन्हा एक काळा शेंडा दिसला तर बागेतली चाळीसच्या चाळीस झाडं तोडायची. संप्रेरक म्हणजे काही अमृत नव्हे, करपा पुन्हा येऊ शकतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी सही केली.

मग मी कागद उलटा करून मागे लिहिलं, 'करवत धुतल्याशिवाय गावातल्या एकाही झाडाला लावायची नाही.' म्हटलं, "आता तुमची सही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारात उभ्या आपल्या आईकडे पाहिलं, आणि पेन मागितलं.