सातव्या धड्याची खळ

शाळा चर्चच्या मंडळीची होती. त्यामुळे दर वर्षी पुस्तके वाटण्याआधी विज्ञानाच्या बाई सातव्या धड्याची पाने कडेने खळ लावून चिकटवत. धडा उत्क्रांतीचा होता. देवाने सहा दिवसांत सगळे घडवले, तिथे लाखो वर्षांच्या गप्पा नकोत, असा पाळकसाहेबांचा हुकूम होता. बाई मान डोलवत. नोकरी गेली तर आवारातली खोलीही जाणार होती, आणि त्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आई होती.

आज पाळकसाहेब पुस्तके तपासत बाकांमधून फिरत होते. तिसऱ्या रांगेत ते थांबले. प्रश्न विचारून सगळ्यांना भंडावून सोडते म्हणून वर्ग जिला टिटवी म्हणे, तिची पाने सुटलेली होती.

गेल्या वर्षी एका मुलाची पाने अशीच सापडली, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे नाव पटावरून गेले. तेव्हा बाई गप्प बसल्या होत्या.

"कोणी उघडलं हे?" पाळकसाहेबांनी हळू विचारले. ते कधी ओरडत नसत. त्याचीच भीती जास्त वाटे.

पाने आपोआप सुटली, असे टिटवी म्हणाली. मग कोणी न विचारताच पुढचेही सांगून मोकळी झाली. धडा तिने दोनदा वाचला होता. आजी ज्या चर्चला जाते तिथल्या फादरांना विचारलेही होते. "ते म्हणाले, देवानं सावकाश घडवलं असेल तर आपली काय हरकत? त्याला कुठे गाडी पकडायची होती?"

मागे कोणी तरी खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले.

"त्यांचं चर्च वेगळं, आपलं वेगळं. आणि पानं आपोआप सुटत नसतात. उद्या वडिलांना घेऊन ये. दाखला तयार ठेवतो."

टिटवीची हनुवटी थरथरू लागली. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. बाईंचे वडील तिसऱ्याच एका चर्चमध्ये उपदेश करत. ते म्हणत, जग कोणी केलं ते शास्त्रात वाच, किती वेळ लागला ते दगडांना विचार. हे वाक्य बाईंनी नोकरीची नऊ वर्षे दाताखाली धरून ठेवले होते. आजही गप्प राहिले तर आई, खोली सगळे जागच्या जागी राहणार होते. जाणार होती फक्त ही पोर.

"ती खरं बोलतेय," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "खळ मी पातळ केली होती."

"चुकून?"

'हो' म्हटले असते तर सुटका होती.

"मुद्दाम. गेल्या वर्षीही. त्या मुलाचा काही दोष नव्हता."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटून काखेत घेतले. "शाळा सुटल्यावर या," एवढेच म्हणून ते गेले.

बाई खुर्चीत बसल्या. खिडकीतून खोलीचे दार दिसत होते. आईला काय सांगायचे, सुचेना.

वर्गात बारीक आवाज येऊ लागला. एकेक मूल नखाने पानाची कड सोडवत होते. त्यांना थांबवावे की नाही, ते बाईंना कळेना. त्यांनी उठून आधी दार लोटून घेतले.