सकाळची कातर

ओग्न्येनने जोडे काढले नाहीत. कातरशिळेवर आजवर कोणी जोडे घालून चढलं नव्हतं. राजाचा भाऊ आला होता, तोसुद्धा अनवाणी चढला होता. आणि हा वेद्रानाच्या पोटचा पोरगा, वुलदार खिंडीचा कप्तान झाला म्हणून चिखलासकट सरळ वर. वर म्हणतो कसा, "बाई, हात धुऊन या. आज बरीच माणसं उरकायचीत."

बाई! आणि वर 'या'! वेद्राना हात धुवायला वळली. बोलायला दम लागतो, आणि तो तिने हल्ली चढणीसाठी राखून ठेवला होता.

खिंडीच्या पहाऱ्यात जायचं तर सावली कातरून द्यावी लागते. सावलीबरोबर भीती जाते, आणि धुक्यातून येतं ते जनावर फक्त न भिणाऱ्या माणसाला भितं. सावली दाबून धरायची ती घरातल्या सगळ्यात वडील बाईने, तळव्यांना मीठ चोळून. दुसऱ्या कोणी धरली तर निसटते. वेद्रानाने आजवर चार धरल्या होत्या: दिराची, पुतण्याची, दोन्ही मुलांची. तिघे खिंडीतच राहिले. चौथा समोर जोडे घालून उभा होता. आज पाचवी धरायची होती, थोरल्या मुलाच्या मागे राहिलेल्या त्याच्या लेकीची, तिस्काची. ही नात गेली की घरात चुलीशी बोलायची पाळी.

सूर्य अजून कड्याच्या खांद्यावर होता. सावल्या माणसाच्या दुप्पट लांब पडल्या होत्या.

"इतक्या लवकर का रे बोलावलंस सगळ्यांना?" तिने विचारलं. "दुपारला अजून किती वेळ आहे."

"यंदा सकाळीच कातरायचं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"मी."

दुपारची सावली टाचेएवढी असते आणि तिच्यात भीतीच तेवढी असते, हे मेंढ्यांमागे फिरणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सकाळच्या लांबलचक सावलीत आणखी काय काय असतं, ते कोणी कधी कातरून पाहिलं नव्हतं.

पहिला बोइको, कुंभारणीचा मुलगा. त्याच्या आईने गुडघे टेकून सावली दाबली. ओग्न्येनने लोकर कातरायची मोठी कातर टाचेपासून चालवली, सावलीची गुंडाळी करून आईच्या हातात दिली आणि राख चोळून पातं पुसलं. बोइको खाली उतरला. त्याचा कुत्रा शेपटीबरोबर अख्खं अंग हलवत धावला, मांडीवर पाय टेकून उभा राहिला. बोइकोने त्याच्याकडे पाहिलं, ओंडक्याकडे पाहावं तसं.

"पोरा, थोडं चीज खातोस?" कुंभारणीने विचारलं.

"नको, बाई," तो म्हणाला.

"बघा, कसा दगड झालाय माझा वाघ!" कुंभारीण सगळ्यांना सांगत सुटली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेद्रानाला वाटलं, हिच्या कानशिलात द्यावी. पण हातांना मीठ लागलेलं होतं, आणि बिचारीला कळलंच नव्हतं की तिने काय धरून दिलं.

"आजी, चल ना," तिस्का शिळेवर चढून उभी राहिली. "तुझे गुडघे दुखतात म्हणून मी इथेच म्हातारी होऊ का?"

"गुडघे माझे, तोंड तुझं. दोन्ही दिवसभर वाजतात."

वेद्राना वाकली. तळव्यांच्या भेगांत मीठ चरचरलं. तिने सावलीवर हात ठेवले. टाचेजवळ सावली थरथरत होती. ती भीती, ओळखीची, चारही जणांची तशीच थरथरली होती. तिने हात पुढे सरकवले. कमरेपाशी ऊब लागली. त्याच्याही पुढे, जिथे पोरीच्या सावलीचं डोकं पार शिळेजवळच्या विहिरीच्या कठड्यापर्यंत गेलं होतं, तिथे काहीतरी घुमत होतं. लोकर पिंजताना तिस्का गुणगुणायची ना, सूर सोडून, ऐकणाऱ्याचं डोकं उठेल असं, तेच.

वेद्रानाने हात उचलले.

"हात ठेवा, बाई," ओग्न्येन म्हणाला.

"दुपारी ठेवीन."

"दुपारची कातर पुरत नाही. गेल्या साली सात जण पळाले. भीती नव्हती त्यांना, घरची आठवण येत होती. आठवणीला मी पहाऱ्यावर उभं करू?"

"म्हणून मुळासकट काढायची?"

"खिंड पडली तर तुमचं गाव राहील का?"

खिंड पडली तर गाव राहणार नव्हतं, हे तिला त्याच्या जन्माआधीपासून माहीत होतं. तेवढ्यासाठी तर तिने चार दिले होते.

"आजी, चारचौघांत माझी लाज काढू नकोस," तिस्का दात आवळून म्हणाली.

"काढते. लाज परत येते. तिकडे बघ जरा."

तिस्काने पाहिलं. बोइकोचा कुत्रा अजून त्याच्या पायाशी होता. आता तो शेपूट हलवत नव्हता, नुसता वर बघून कुईं कुईं करत होता. बोइकोने पाय थोडा बाजूला घेतला, वाटेतलं काही टाळावं तसा. तिस्का शिळेवरून उतरली आणि आजीच्या मागे जाऊन थांबली. गर्दीतल्या दोन म्हाताऱ्यांनी आपापल्या नातवांचे दंड धरले.

"तुम्ही रांग मोडताय, बाई," ओग्न्येन म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

वेद्राना हाताने एकेक गुडघा दाबत सरळ झाली.

"ओग्न्येन, तुझी मी भरदुपारी धरली होती. बाकी सगळं तुझ्याजवळ ठेवलं होतं, ते तू आपल्या हाताने टाकलंस. त्याचा दोष मी कातरीला देणार नाही. पण कातरताना मेंढीच्या कातडीला चीर गेली तर तुझा बाप त्या दिवशी जेवायला बसत नसे. तू त्या पोराला कातडीसकट सोललंस, पातं पुसलंस आणि पुढच्याला हाक मारलीस. खिंडीला तू हवा असशील, राख तिला. पण कातर धरायची तुझी लायकी नाही. ठेव ती खाली."