दिवस मावळायच्या आत

सांगलीच्या पेठेतल्या साड्यांच्या दुकानात चंदनबाला कामाला लागली, तेव्हा मालक अण्णाप्पा कौतुकानं म्हणाले होते, "तू आपल्यातली पोर. गल्ला तुझ्याच भरवशावर." आपल्यातली म्हणजे जैन. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

अण्णाप्पांचा नेम कडक. दिवस मावळल्यावर तोंडात अन्नाचा कण नाही. थंडीत पाच वाजून गेले की स्कूटरला किक मारायची, विश्रामबागेतल्या बंगल्यावर जायचं, गरम भाकरी हाणायची आणि ढेकर देत परत यायचं. तोवर गल्ल्यावर चंदनबाला. नेम तिचाही तोच, आईनं लहानपणीच लावलेला. पण तिला सुट्टी दुकान बंद झाल्यावर, गडद अंधारात. म्हणजे दुपारच्या डब्यानंतर थेट दुसऱ्या दिवशीची सकाळ.

दिवाळीनंतर पोटात जाळ उठायला लागला. एकदा तर गिऱ्हाइकापुढं साडी उलगडता उलगडता ती आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, पोटात व्रण झालाय. असंच उपाशी राहिलात तर ऑपरेशन करावं लागेल.

दुसऱ्याच दिवशी ती अण्णाप्पांपुढं उभी राहिली.

"अण्णा, तुमी घरी जायच्या आधी मला पंधरा मिनिटं सोडा. मागं बसून डबा खाते. सकाळी तेवढं लवकर येते की."

"आणि तेवढ्यात गर्दी झाली तर?"

"हरणाबाई बघते म्हणालीया."

साड्यांच्या घड्या घालणाऱ्या हरणाबाईनं लगेच मान हलवली.

"एकीला दिलं की सगळ्या मागतील," अण्णाप्पा म्हणाले. "आणि कामाला जाणाऱ्या बाईनं असले नेम करूच नयेत. रात्री जेव की घरी जाऊन. गरिबाला सगळं माफ असतंय."

पंधरा मिनिटं! त्यानं दुकान बुडणार होतं का? पण माणसाला एकदा मालक व्हायची सवय लागली की दुसऱ्याचं पोट त्याला दिसतच नाही. चंदनबाला परत गल्ल्यावर जाऊन बसली. नोकरी हवी होती.

रविवारी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, अण्णाप्पांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. अण्णाप्पा माइक धरून म्हणाले, "एवढ्या व्यापाच्या धबडग्यात एक दिवससुद्धा नेम चुकू दिला नाही!" टाळ्या कडाडल्या. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या चंदनबालेचे हात मात्र मांडीवरून हलले नाहीत.

सोमवारी लग्नाचा बस्ता बांधायला एक मोठं कुटुंब आलं होतं. गादीवर शालूंचा ढीग पडला होता. अण्णाप्पांनी घड्याळ पाहिलं, स्कूटरची किल्ली उचलली. त्याच क्षणी चंदनबालेनं गल्ल्याखालून डबा काढला, पाहुण्यांच्या शेजारी गादीवर मांडी घातली आणि झाकण उघडलं.

"हे काय चाललंय?"

"जेवते, अण्णा. तुमी जावा घरी."

"आणि गल्ला? हरणाबाई, तू बघ."

हरणाबाईनंही आपल्या भाकरीचं फडकं सोडलं. "मला न्हाई जमायचं, मालक. मी बी जेवतीया."

अण्णाप्पा लालबुंद झाले. "गिऱ्हाइकापुढं तमाशा करतीस?"

"तमाशा काल बस्तीत झाला," चंदनबाला म्हणाली. आता तिचा आवाज दबत नव्हता. "तुमचा नेम चुकला न्हाई, कारण रोज हितं मी उपाशी उभी हुते. त्यो सत्कार माझ्या पोटाच्या जिवावर झाला, अण्णा!"

"उद्यापासून येऊ नकोस!"

"न्हाई येणार. पर आज जेवून उठणार."

नवरीची आजी शालू बाजूला सारून म्हणाली, "जेवू द्या वं तिला. आमी थांबतो. बाई, तू सावकाश जेव."

गल्ला उघडा, बस्ता अर्धवट. अण्णाप्पांना हलता येईना. किल्ली मुठीत धरून ते गल्ल्यावर बसले. रस्त्यावरचं ऊन समोरच्या पत्र्यांवर चढलं, मग तिथूनही गेलं. चंदनबालेनं डबा पुसून खाल्ला, चूळ भरली, उरलेल्या साड्या दाखवून बस्ता पुरा करून दिला आणि दिवे लागल्यावर पिशवी खांद्याला अडकवली.

जाता जाता ती गल्ल्यापाशी थांबली.

"अण्णा, भूक लागली असंल. रात्री जेवा की घरी जाऊन," ती म्हणाली. "पर माफ फकस्त गरिबालाच असतंय, न्हवं?"