यंत्राला कुणी उठवलं?

आमच्या जिन्यापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत माणसं उभी होती. माझा गेलेला मुलगा त्याच्या कॉम्प्युटरमधून बोलतो, अशी आवई उठली होती. मला आनंद झाला नाही, रागही आला नाही. तो गेल्यापासून मी फक्त खुर्च्या सरकवून येणाऱ्यांना जागा करून देत होतो.

लहरी महाराज कॉम्प्युटरच्या टेबलासमोर बसत. शेजारी त्यांचा चेला, हात खिशात.

"आत्मा म्हणजे लहर. लहर म्हणजे करंट. आणि करंट कुठून येणार? तारेतूनच ना!" महाराज म्हणत. "पडदा उजळला की होकार. काळा राहिला की नकार."

मागच्या बैठकीत त्यांनी विचारलं होतं, "आईने छातीचं ऑपरेशन करून घ्यावं का?" पडदा काळाच राहिला. तेव्हापासून माझी बायको दवाखान्याचं नाव काढू देईना. उशीर केलात तर हाती काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"पोराचा शब्द मोडू?" एवढंच ती म्हणे.

सून कॉम्प्युटरच्याच कामात आहे. त्या दिवशी तिने कीबोर्ड आणि माउस काढून माझ्या मांडीवर ठेवले.

"चालेल ना, महाराज?"

"खुशाल काढ, बाळ. आत्म्याला माउस लागत नाही."

लोक हसले. महाराजांनी डोळे मिटले. "बाळा, आहेस का?"

पडदा उजळला. मुलाचा फोटो दिसला, आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांच्या दोन-चार ओळी.

"अगंबाई, लिहितोय! पोरगा लिहितोय!" शेजारीण ओरडली.

महाराजही चपापले. मग सावरून म्हणाले, "ही परलोकाची लिपी."

"नाही, ही कर्नलची," सून म्हणाली. "कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला कारभारी. वीज आली, गेली, कुठलं उपकरण जोडलं, झोपलेल्या यंत्राला कुणी उठवलं, सगळं आधी त्याला कळतं. त्याला कळेल ते पडद्यावर उमटावं, अशी सोय मी सकाळी करून ठेवली. वाचू? 'माउसने उठवलं.'"

"माउस तर यांच्या मांडीवर आहे!" गल्लीतला शिंपी म्हणाला.

"म्हणूनच विचारते, हा दुसरा कुणाचा?"

तिने कॉम्प्युटरची पेटी फिरवली. मागच्या खाचेत नखाएवढा तुकडा खोचलेला होता. बिनतारी माउसचा इशारा तोच झेलतो. पहिल्या दिवशी जागा शुद्ध करण्याच्या नावाखाली चेला तिथेच फडकं फिरवत होता. सुनेने तुकडा उपटला, बटण दाबून यंत्र झोपवलं.

"आता बोलवा."

महाराजांनी बरंच आळवलं. पडदा काळाच. शिंप्याने चेल्याचा हात खिशातून ओढून काढला. मुठीत माउस होता.

"एवढ्याशा डबीवर परलोक चालवत होतास होय रे!"

गर्दी पांगली. महाराज कधी गेले, मी पाहिलं नाही. बायको विझलेल्या पडद्याकडे बघत होती.

"म्हणजे तो नव्हताच?"

"नव्हता, आई," सून म्हणाली. तिलाही तो हवाच होता.

दुःखात माणसाला हाक ऐकू यावीशी वाटते, त्यात लाज नाही. पण ती हाक औषधाच्या आड येऊ लागली, तर संकोच सोडून विचारा: हे कशाने झालं? मला उघडून दाखवा. खरं असेल ते उघडल्याने मरत नाही.

संध्याकाळी बायकोने सुनेला विचारलं, "दवाखान्यात उपाशीपोटी जायचं असतं ना गं?"