लेन्स पाडली कुणी

मोडनिंबच्या त्या लग्नात अक्षता पडायला आणि प्रतिक्षा बनसोडेची लेन्स अडायला एकच गाठ पडली. सत्तर-दोनशेची झूम लेन्स, घेऊन जेमतेम चौदा महिने झालेले. लांबून नवरीचा चेहरा जवळ घ्यावा म्हणून तिनं कडं फिरवलं, तर ते दीडशेवर येऊन घट्ट बसलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर लेन्सशी संपर्क तुटल्याची सूचना आली. तिनं लेन्स काढली, पुसली, परत बसवली. पुन्हा तेच. शेवटी जुनी छोटी लेन्स लावून ती माणसांना कोपरानं सारत मंडपात पुढं घुसली. नवरीचा मामा खेकसला, "अवो बाई, लग्न तुमचं हाय का आमचं?" तिनं ऐकून घेतलं आणि फोटो काढत राहिली.

सोलापुरात लग्नाचे फोटो काढणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या. प्रतिक्षा सात वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत राबली आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. ही लेन्स तिनं नवी कोरी घेतली होती. ती कुणाच्या हातात द्यायची नाही. चौदा महिन्यांत एकदाच दिली होती, धाकट्या भावाला. दिपक चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला, तिथंच जवळ खोली घेऊन राहायचा. जयंतीच्या मिरवणुकीत मंडळाचे फोटो काढायला त्यानं एका दिवसापुरता कॅमेरा या लेन्ससकट मागून नेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आणून दिला.

लेन्सची वॉरंटी दोन वर्षांची. प्रतिक्षानं ती नीट बांधून पुण्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कुरिअरनं पाठवली. बारा दिवसांनी मेलवर कंपनीच्या लेटरहेडवरचा रिपोर्ट आला. 'लेन्स उघडून तपासली. पाडल्यामुळे आतील भागांस इजा. ग्राहकाचा निष्काळजीपणा. वॉरंटीत बसत नाही.' खाली दुरुस्तीचा खर्च, लेन्सच्या निम्म्या किमतीएवढा. सोबत दोन फोटो. पहिल्यात लेन्सचा पुढचा काठ चक्क चेपलेला.

'ग्राहकाचा निष्काळजीपणा' हे वाचून तिचं डोकंच फिरलं. दुसरा फोटो तिनं नीट पाहिलाही नाही. एवढा चेपलेला काठ आपल्याला दिसला कसा नाही, हा प्रश्न क्षणभर आला खरा. पण पुढं कायम ऊन अडवणारा हूड लावलेला असतो, त्याखाली झाकला गेला असणार, अशी तिनं स्वतःच समजूत घातली. मग उरला एकच माणूस.

रविवारी दिपक नेहमीसारखा आईकडं जेवायला आला. प्रतिक्षा आईबरोबरच राहायची. तिनं त्याला दोन घासही सुखानं खाऊ दिले नाहीत.

"लेन्स पाडलीस का तू?"

"कधी?"

"जयंतीला. दुसरं कधी होती तुझ्याकडं?"

"नाही की, ताई. गळ्यातनं कॅमेरा काढलाच नव्हता मी. आणि त्यानंतर तू त्या साखरपुड्याचं काम केलंस की त्याच लेन्सवर. चालली ना तेव्हा?"

"आतून हळूहळू बिघडत असेल. हे वाच." तिनं फोन त्याच्या ताटावर धरला.

दिपकनं वाचलं. "पाडल्यामुळे लिहिलंय. दिपकनं पाडल्यामुळे असं कुठं लिहिलंय?"

"अक्कल पाजळू नकोस. पाडलीस तर पाडलीस. माणसानं सांगावं तरी. मी काय खाल्लं असतं तुला?"

"मी पाडली नाही."

"म्हणजे कंपनी खोटं बोलते? त्यांनी उघडून बघितलीय."

दिपकनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "त्यांनी लेन्स बघितली. तू मला लहानपणापासून बघतेस," एवढंच तो बोलला, हात धुतले आणि गाडी काढून निघून गेला. त्यानंतरचे तीन रविवार तो आला नाही. प्रतिक्षाचे दोन फोन त्यानं उचलले नाहीत. तिसरा तिनं केला नाही.

नागूबाई, त्यांची आई, यात पडली नाही. फक्त एकदा भांडी घासता घासता बोलली, "कागदावर लिवलं म्हंजे खरंच असतं व्हय गं?"

"आई, ती मोठी कंपनी आहे."

"आमची काय ल्हान व्हती? तीस वर्सं बिड्या वळल्या मी. त्यो तपासायला बसल्याला माणूस, मोजायच्या आदीच मूठभर बिड्या खराब म्हनून बाजूला फेकायचा. बघायचा बी न्हाय. बिडीकडं न्हाय आन माज्याकडं बी न्हाय." मग ती भांडी पालथी घालू लागली.

प्रतिक्षानं खर्च नाकारला, तशी लेन्स जशीच्या तशी परत आली. तो खोका तिनं फोडलाच नाही. आठ दिवस कपाटावर पडून होता. पुढं एक मोठं लग्न आलं आणि लेन्सवाचून भागेना, तेव्हा तो तसाच उचलून ती नवी पेठेत सिद्रामकडं गेली.

सिद्राम साठीचा, मूळचा अक्कलकोटकडचा. आधी घड्याळं दुरुस्त करायचा, आता कॅमेरे. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक बाहेरच उभं राहायचं. प्रतिक्षानं त्याला कंपनीचा शेरा सांगितला. त्यानं खोका फोडला, डोळ्याला भिंग लावलं आणि लेन्स फिरवून फिरवून पाहिली.

"कोण म्हणालं ही उघडली म्हणून?"

"कंपनीनं. रिपोर्ट आहे माझ्याकडं."

"हे बघा की, तायी." त्यानं लेन्सची मागची बाजू तिच्यापुढं धरली आणि भिंग तिच्या हातात दिलं. "हे चार स्क्रू काढल्याशिवाय ही लेन्स उघडत नाही. कितीबी हलक्या हातानं पेचकस लावा, डोक्यावर ओरखडा येतोच. ह्याला आहे का बघा."

चारही स्क्रू कोरे होते.

"आन पडली म्हणतात ते कुठं पडली? मला तर एक पोचा दिसंना."

प्रतिक्षानं लेन्स हातात घेतली. हूड काढला. पुढच्या काठावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. काठ गुळगुळीत, गोल. चेपलेला नव्हताच. तिनं तिथंच उभ्या उभ्या फोनवर तो मेल उघडला आणि दुसरा फोटो बोटांनी मोठा केला. लेन्सच्या मागच्या बाजूला नंबर दिसत होता. शेवटचे आकडे ४८१. तिच्या लेन्सवर ४१८.

"फोटोतली लेन्स दुसऱ्याचीच आहे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की शेजारचा चष्म्याचा दुकानदार वाकून बघायला लागला. "माझी बघितलीच नाही त्यांनी! दुसऱ्याच्या लेन्सचे फोटो लावून मला निष्काळजी म्हणतात!"

सिद्राम म्हणाला, "मी उघडून करून देईन. पण मग वॉरंटी जाईल. आधी त्यांच्याकडं जावा. आन फोन नका करू. समोर जावा."

तरी तिनं फोन केलाच. पलीकडच्या मुलीनं तक्रार क्रमांक विचारला, दोन मिनिटं गाणं ऐकवलं आणि सांगितलं, "मॅडम, तुमची केस सिस्टीममध्ये क्लोज झाली आहे."

"माझी केस तुम्ही ओपनच कधी केली नाही," असं प्रतिक्षा म्हणेपर्यंत फोन कटला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती पुण्याला गेली. सर्व्हिस सेंटर चकाचक होतं. गार हवा, भिंतीवर डोंगरदऱ्यांचे मोठे फोटो, पाच-सहा लोक टोकन घेऊन बसलेले. तिचा नंबर आल्यावर काउंटरवरच्या मॅनेजरनं स्क्रीनवर पाहिलं, लेन्स उलटी करून पाहिली, परत स्क्रीनवर पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मॅडम, दोन्ही नंबर जवळजवळ सारखे आहेत. रिपोर्ट अटॅच करताना ह्यूमन एरर झालेली दिसते."

"ह्यूमन म्हणजे कोण? नाव सांगा."

"असं नाव नाही सांगता येत. पण आपण प्रायॉरिटीवर चेक करू. वॉरंटीत बसलं तर फ्री करून देऊ. मग तर काही प्रॉब्लेम नाही ना?"

"प्रॉब्लेम आहे," प्रतिक्षा म्हणाली. "लेन्स उघडून तपासली असं लिहिलंय. खरंच उघडली होती?"

"तुमची... रॅकमध्येच राहिली असावी."

"असावी नाही. होती का नव्हती?"

"नव्हती उघडली."

"मग तेच लिहून द्या. नंबर घालून. तपासलीच नव्हती आणि पाडल्याचा शेरा खोटा आहे, असं."

"लेटरहेडवर असं देण्याची पॉलिसी नाही, मॅडम."

"निष्काळजीपणा लिहायची पॉलिसी आहे? तो तर लेटरहेडवरच लिहिलात." प्रतिक्षानं काउंटर घट्ट धरला. "तुमच्या त्या एका शब्दावर मी माझ्या सख्ख्या भावाला खोटारडा म्हणाले. समोरच्या ताटावरून उठवलं त्याला. महिना झाला, त्यानं आमच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. ते कशात बसतं? वॉरंटीत?"

मॅनेजर म्हणाला, "प्लीज, आवाज जरा..."

तिनं आवाज कमी केला नाही. मागं वळून तिनं बसलेल्या लोकांना तो रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. मग दोन्ही नंबर सांगितले, एकेक आकडा सुटा करून. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या गृहस्थानं खिशातून आपला कागद काढला आणि चष्मा वर करून त्यावरचा नंबर मांडीवरच्या कॅमेऱ्याशी ताडून पाहिला. त्याच्या शेजारच्या बाईनं तेच केलं. बघता बघता सगळेच आपापले कागद उलगडून नंबर वाचायला लागले. एकानं मॅनेजरला विचारलं, "अहो, माझ्याही कागदावर पाडल्यामुळेच लिहिलंय. कशाचे फोटो लावलेत, बघू जरा?"

अर्ध्या तासात प्रतिक्षाच्या हातात पत्र होतं, सही-शिक्क्यासकट. लेन्स तिच्यासमोर काचेपलीकडं उघडण्यात आली. आतली वायरची चपटी पट्टी घासून घासून फाटली होती. ती उघडणारा कारागीर बाहेर येऊन सरळ म्हणाला, "बसवतानाच आखूड बसवलीय. झूम केलं की दर वेळी ताण यायचा. कुणी पाडलेली नाही ही." नवी पट्टी मागवून आठवड्यात मोफत दुरुस्त करून पाठवतो, असं ठरलं. त्या कारागिराचे तिनं आभार मानले. मॅनेजरकडं तिनं पाहिलंही नाही.

परतीच्या गाडीत ती ते पत्र पुन्हा पुन्हा वाचत होती. घरी आल्यावर तिनं ते आईला दाखवलं. नागूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं शिक्क्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आता ह्यो कागद बगून तुजा इश्वास बसला व्हय त्याच्यावर?"

प्रतिक्षाला संताप आला, पण या वेळी तो कंपनीवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, पाळी सुटायच्या वेळी, ती चिंचोळीत दिपकच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. ऊन असं की गाडीच्या सीटला हात लावता येत नव्हता. माणसं बाहेर पडू लागली. दिपकनं तिला लांबूनच पाहिलं. चालीत फरक पडला नाही, पण तो आला.

"तू पाडली नव्हतीस," ती म्हणाली आणि पत्र पुढं केलं. "त्यांनी माझी लेन्स उघडलीच नव्हती. लिहून घेतलंय मी."

दिपकनं पत्र घेतलं, पण उलगडलं नाही.

"त्यांनी लिहून दिलं नसतं तर?"

तिनं बरंच काही ठरवून आणलं होतं. कंपनी किती नालायक, मॅनेजरचे कान कसे लाल झाले, लोक कसे नंबर तपासायला लागले. त्यातलं काहीच आता सांगण्यासारखं वाटेना.

"तर मी अजून त्यांचंच खरं धरून बसले असते," ती म्हणाली. "चुकलं माझं, दिपक. त्यांच्याआधी माझं चुकलं."

त्यानं पत्र न वाचताच घडीवर घडी घालून तिला परत दिलं. "हे तुझ्याकडंच ठेव. मला नको." मग रस्त्याकडं बघत म्हणाला, "लई लागलं मला, ताई. मंडळातली पोरंसुद्धा असं बोलली नसती."

"माहितीय."

"आईला सांग, येतो. ह्या रविवारी नाही. पुढच्या."

लेन्स ठरल्याप्रमाणे आठवड्यानं आली, आणि दोनशेपर्यंत लोण्यासारखी फिरायला लागली. तिच्या मागोमाग कंपनीचा मेसेज आला, आमच्या सेवेबद्दल किती तारे द्याल? प्रतिक्षानं एक दिला आणि खाली सगळी हकीकत लिहिली, मराठीत, दोन्ही नंबरांसकट. उत्तर आलं नाही.

पुढच्या रविवारी दिपक आला. आईशी भरपूर बोलला, प्रतिक्षाशी दोनच वाक्यं. त्यातलं एक भाजीत मीठ कमी आहे असं होतं. भाजी तिनंच केली होती. ती उठली आणि मिठाची वाटी घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली.