उजवी रांग

रुकनेद्दीन कप्तान मूर्ख होता, हे आधीच सांगून टाकतो. बस झकास चालवायचा. पण बस झकास चालवणारे मूर्ख मी पोझांतीच्या घाटात पुष्कळ पाहिले आहेत.

अदाना-अंकारा लाईनीवर त्याची स्वतःची गाडी होती. मागे आठ सिलिंडरचं व्ही इंजिन, चार एका अंगाला कललेले, चार दुसऱ्या. घाटातल्या माझ्या गॅरेजसमोर थांबला की तो इंजिन कधी बंद करायचा नाही. उगाच रेस देऊन सगळ्या बाजाराला आवाज ऐकवायचा. त्याच्या मते एका सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन ट्रॅक्टरला शोभतं, आणि ते चालवणारा कप्तान नव्हे, गाडीवान. मी त्याला एकदा समजावलं होतं. सरळ सहा कमी थरथरतं, आणि रस्त्यात बिघडलं तर हात पोचतो. तुझ्या व्हीत सगळं दोन-दोन, आणि आतला एक नट काढायचा तर मागच्या सीटखालचं झाकण उचलून वटवाघळासारखं लटकावं लागतं. व्ही आखूड असतं, त्यामुळे सीटांची एक ओळ जास्त बसते, एवढंच त्याचं कौतुक. यावर तो चहावाल्याकडे वळून म्हणाला, "दुर्मुश उस्ताला सहापर्यंतच मोजता येतं, त्याला काय सांगणार."

दुर्मुश उस्ता, म्हणजे दुर्मुश मिस्त्री, तो मी. सगळे हसले. मला तेव्हा वाचता येत नव्हतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून जरा जास्तच हसले.

कुर्बानीच्या ईदेच्या आदल्या दिवशी सकाळी आठला अंकाऱ्याहून अदानाला उतरताना त्याची गाडी पांढरा धूर ओकत, ठेचकाळत माझ्या दारात आली. आतले प्रवासी मागून येणाऱ्या शेवकेतच्या बसमध्ये कोंबले गेले. शेवकेत त्याच कंपनीचा, गाडी सरळ सहाची. जाताना त्याने खिडकीतून हात हलवला, तोही दात काढून. मग कंपनीच्या मालकाचा, हाजीचा फोन आला. अदानाहून संध्याकाळी सहाला सुटणारी गाडी भरलेली आहे, ती सुटायलाच हवी. रुकनेद्दीनची बस नाही पोचली तर शेवकेत सोडेल, आणि पुढेही लाईन शेवकेतचीच राहील. हाजी असं बोलला की ते करायचा. लाईन गेलेला कप्तान मग कापसाच्या शेतांवर मजूर वाहतो. अदानात असे चार-पाच होते, गॅरेजात त्यांच्याशी कुणी चहाही घेत नसे.

रुकनेद्दीन फोनवर हाजीची मनधरणी करत असताना मी बाटली घेतली आणि चालू इंजिनाच्या एक्झॉस्टच्या प्रत्येक तोंडावर पाण्याचा थेंब टाकत गेलो. सात ठिकाणी चुर्र झालं. एका ठिकाणी थेंब तसाच बसून राहिला. ड्रायव्हरकडची रांग, मागून तिसरा. तो सिलिंडर पेटतच नव्हता. त्यात डिझेल फवारणारा इंजेक्टर बदलला की झालं.

मी सांगायला गेलो. त्याने फोनवर हात ठेवला आणि मला तोंडही उघडू दिलं नाही. "हात लावू नकोस, उस्ता. हाजी इंजिनियर पाठवतोय. हे सहाचं काम नाही, आठाचं आहे."

मी जाऊन स्टुलावर बसलो.

इंजिनियर दहाला आला. तायफुन नाव, पांढरा शर्ट, पायात असे बूट की गॅरेजात पाऊल टाकण्याआधी त्याने जमीन निरखून घेतली. काखेत पुस्तक. डिझेलच्या पंपावरच्या नळ्यांचे नट त्याने एकेक करून सैल केले. तिसरा सैल केला तेव्हा इंजिनाचा आवाज बदलला नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर मेलेला. इथवर त्याचं बरोबर होतं. आता ती नळी हाताने चाचपत गेला असता तर नेमका जागेवर पोचला असता. पण नळीवर मळ होता. त्याने पुस्तक उघडलं. "तिसरा. उजवी रांग," तो म्हणाला, आणि दाराकडच्या बाजूला गेला.

आम्ही बसवाले डावं-उजवं म्हणत नाही. ड्रायव्हरकडचं आणि दाराकडचं, बस. कारण बसमध्ये इंजिन मागे असतं आणि उलटं तोंड करून बसतं, त्याचा पंखा गाडीच्या शेपटीकडे. तेच इंजिन ट्रकमध्ये सरळ बसतं. ट्रकमध्ये जी रांग उजवीकडे, ती बसमध्ये डावीकडे येते. हे आमच्याकडे फरशी झाडणाऱ्यालाही माहीत असतं.

मी पुस्तकाकडे मान लांबवली तेव्हा इंजिनियरने पान माझ्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, "वाचायचंय का?" अक्षरं मला कळत नव्हती. पण चित्रात पंख्याच्या वरच ट्रकची केबिन काढली होती.

"चित्र सुबक आहे," मी म्हणालो.

त्याने दाराकडचा चांगला इंजेक्टर काढून नवा बसवला. गाडी तशीच खोकली. मग त्याने ठरवलं की व्हॉल्व्ह जळलाय, आणि त्याच सिलिंडरचं हेड उघडायला घेतलं. स्वतःवर शंका घ्यायचं पान त्या पुस्तकात नसावं. बारा वाजले, दोन वाजले. रुकनेद्दीन येरझारा घालत होता, आणि दोनदा थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सुरीने नखांतला काळा काढत होतो. हेडमध्ये काही सापडलं नाही. ते परत बसेपर्यंत साडेपाच झाले, आणि गाडीने पुन्हा पांढरा धूर सोडला.

इंजिनियरने हात पुसले आणि हाजीला फोन लावला. इंजिन संपलंय, या गाडीत सरळ सहा टाका, असा त्याचा सल्ला. हाजीने सांगितलं की शेवकेत अदानाच्या फलाटावर उभाच आहे. इंजिनियर आपल्या मोटारीत बसून निघून गेला.

मग मी उठलो. ड्रायव्हरकडची रांग, मागून तिसरा. इंजिनियरने काढून ठेवलेला चांगला इंजेक्टर तिथे बसवला. वीस मिनिटं लागली. आठही सिलिंडर पेटले. धूर थांबला. सहाला दहा मिनिटं कमी होती, आणि अदाना दीड तासावर.

रुकनेद्दीनने इंजिन बंद केलं. त्याला तसं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"सकाळी. तू फोनवर होतास तेव्हा."

तो शिव्या देईल म्हणून मी वाट पाहत होतो. माझ्याकडे उत्तरं तयार होती, दिवसभर बसून घासून ठेवलेली. 

"मला वाटलंच," तो म्हणाला. "दुपारी बघितलं ना तुझ्याकडे, तेव्हाच ओळखलं. तुझं तोंड काही लपवत नाही."

"मग विचारायचं होतंस."

"तुला?" तो म्हणाला.

एवढंच. रागानेही नाही. चहात मीठ घालू का असं कुणी विचारावं, आणि आपण म्हणावं, मीठ? तसं. मग तो गाडीत चढला आणि अदानाच्या दिशेने उतरला, सगळ्या सीटा रिकाम्या घेऊन.

चहाच्या दुकानात मी ही गोष्ट बऱ्याचदा सांगतो. इंजिनियरवर सगळे पोट धरून हसतात. त्याने मला पुस्तक दाखवलं इथपासून मी सुरू करतो आणि त्याची मोटार गेली इथे थांबवतो. पुढचं कुणी विचारलं तर सांगतो, की कप्तान मूर्ख होता.